शब्दचर्चा: ‘सकारात्मक राहा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न
गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने घरीच आहे. भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण निघताना ‘सकारात्मक राहा’ म्हणतो. माणसं मायेनं म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री दुखणं वाढतं तेव्हा या शब्दाचं करायचं काय, ते कळत नाही. ‘सकारात्मक’ची फोड कशी होते? आणि हा शब्द रुळण्याआधी आजारी माणसाला मराठीत काय म्हणत असत?

प्रतिसाद १
‘नकार’ म्हणजे ‘न’ हा उच्चार, त्यावरून नाही म्हणणं. त्याचा मराठीतला रोजचा जोडीदार ‘होकार’. म्हणून व्याकरणात होकारार्थी वाक्य असतं, त्यालाच करणरूपीही म्हणतात. ‘सकारात्मक’ हा ‘पॉझिटिव्ह’ला प्रतिशब्द म्हणून रुळला. पूर्वी या एका शब्दाची कामं आपण वाटून दिली होती: गणितात आणि विजेत धन, समाजकार्यात विधायक, वाक्याला होकारार्थी. आता सगळीकडे ‘सकारात्मक’ लावतात आणि अर्थ पातळ होतो. तपासणीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येतो तेव्हा तर त्याचा अर्थ एवढाच की जे शोधत होते ते सापडलं.

तरी ‘सकार’ अगदीच परका नाही. जुन्या व्यापारी भाषेत हुंडी, म्हणजे पैसे देण्याबद्दलची लेखी चिठ्ठी, सकारली जाई. सकारणं म्हणजे आपल्या नावावर आलेली हुंडी मान्य करणं, ती चुकती करायची तयारी दाखवणं. मला हा अर्थ फार आवडतो. यात हुंडी आलीच नाही असं कुणी म्हणत नाही.

प्रतिसाद २
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आजारी माणसाला आपण म्हणत आलो ‘धीर धर’, ‘उमेद सोडू नकोस’, ‘खचून जाऊ नकोस’. यातली क्रियापदं पाहा. धीर धरायचा असतो, उमेद बाळगायची असते, उभारी घ्यायची असते. ‘सकारात्मक राहा’मध्ये नुसतं ‘राहा’ आहे, हाताला काम नाही.

शिवाय धीर देताही येतो. एकाचा सुटला तर दुसरा देतो, ‘धीराचे दोन शब्द’ बोलतो. ‘धीर धर’ म्हणणारा समोरचं दुखणं खरं आहे हे आधीच मान्य करतो, कारण दुखत नसेल तर धीर कशाला लागेल? ‘सकारात्मक राहा’मधून ही कबुली गळून पडते. बरं व्हायला वेळ लागला की रुग्णाला वाटतं, माझेच विचार कमी पडले. एका नातेवाईक बाईंना मोठ्या आजारात मी अगदी असंच झुरताना पाहिलं आहे. औषधोपचार चालू होते आणि त्या रडू आल्याबद्दल माफी मागत होत्या. तेव्हापासून हा शब्द मी आजाऱ्यापुढे वापरत नाही.

‘उमेद’ मूळ फारसी. हिंदीत ‘उम्मीद’ म्हणजे आशा, अपेक्षा. मराठीत तिला जोर चिकटला: उमेदीची वर्षं, उमेद खचणं, उमेदीनं कामाला लागणं. नुसती वाट पाहणाऱ्याला आपण उमेदीचा माणूस म्हणत नाही.

प्रतिसाद ३
‘स्वस्थ’ही यात घ्यायला हवा. हिंदीत स्वस्थ म्हणजे निरोगी. मराठीत ‘स्वस्थ बस’ म्हणजे शांत बस, आणि ‘अस्वस्थ’ म्हटलं की आपल्याला आधी मनाची तगमग आठवते. मूळ अर्थ मात्र स्वतःत स्थिर असलेला. सुश्रुतसंहितेतल्या स्वस्थाच्या व्याख्येत दोष, अग्नी, धातू सम असणं आहेच, पण पुढे ‘प्रसन्नात्मेन्द्रियमनाः’ असंही आहे: आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८पासून लागू असलेल्या घटनेतही आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य, असंच म्हटलं आहे.

‘प्रसन्न’मधला धातू सद्, म्हणजे बसणं. संस्कृतात निवळलेल्या पाण्यालाही प्रसन्न म्हणतात. गाळ तळाशी असतोच, तो फक्त खाली बसलेला असतो. ‘मन करा रे प्रसन्न’ या तुकारामांच्या ओळीकडेही मी हे कळल्यापासून वेगळ्या नजरेनं पाहतो. तिथे ‘करा’ आहे, ‘असा’ नाही.

प्रतिसाद ४
एक वेगळं मत मांडते. मी रुग्णांना व्यायाम शिकवते. शब्द पातळ झाला असेल, गोष्ट पातळ नाही. २०१९ साली अमेरिकेत सुमारे ७० हजार स्त्रिया आणि १४०० पुरुषांच्या दीर्घकाळच्या नोंदींवरून संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात आशावादी गटाचं आयुष्य सरासरी ११ ते १५ टक्के जास्त आढळलं. आशेमुळेच आयुष्य वाढलं, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे खरं. पण संबंध दिसतो.

उलट बाजूही खरी आहे. औषधानं त्रास होईल अशी धास्ती घेतली, की औषधाचा अंशही नसलेल्या गोळीनंसुद्धा काहींना मळमळतं, डोकं दुखतं. याला नोसिबो म्हणतात. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण मला इथे नेहमी आठवते.

प्रतिसाद ५
बरोबर, पण आशा कोणती? वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास १९९१ साली झाला. आपल्याला हे जमेल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांचं वजन जास्त उतरलं. ज्या बारीक झाल्याची गोड चित्रं रंगवत बसल्या, त्यांचं कमी उतरलं. दोन्हींना आज ‘सकारात्मक विचार’च म्हणतील. मराठीत मात्र पहिल्याला भरवसा म्हणतात आणि दुसऱ्याला मनाचे मांडे. भाषेनं हा फरक आधीच करून ठेवला आहे. तो पुसला जाऊ नये असं मनापासून वाटतं.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. हुंडी सकारण्याचा अर्थ कालपासून डोक्यात घोळतो आहे. आणखी एक विचारतो: ‘हुरूप’ आणि ‘उमेद’ यांत फरक काय? मला वाटतं हुरूप येतो, कुणी कौतुक केलं तरी येतो. परवा हुरूप आला आणि ठरल्यापेक्षा जास्त पायऱ्या चढलो. गुडघा सुजला.

प्रतिसाद ४
हुरूप येतो किंवा वाटतो, तो कधी येईल ते आपल्या हातात नसतं. उमेद बाळगावी लागते. सूज उतरेपर्यंत पायऱ्या नकोत. मग पुन्हा दहापासून सुरू करा, हुरूप असो वा नसो.