सिंकखालचा ग्राइंडर घेताय? एचपी नंतर बघा

खटपट्या
ओल्या कचऱ्याचा ग्राइंडर सिंकखाली बसवायचा म्हटलं की सगळी चर्चा एचपीभोवती, म्हणजे मोटरच्या ताकदीभोवती फिरते. अर्धा घेऊ, पाऊण घेऊ की सरळ एक? जेवढा मोठा तेवढा चांगला, असा हिशेब. मला तो पटत नाही.

आत पाती असतात असं अनेकांना वाटतं. पाती नसतातच. तळाला एक तबकडी गरागरा फिरते, तिच्यावर दोन सैल ठोकळे असतात. कचरा बाहेरच्या दातेरी कड्यावर भिरकावला जातो, तिथे किसला जातो आणि बारीक झाला की पाण्याबरोबर खाली उतरतो. म्हणजे खरं काम कड्याचं आणि तबकडीचं. ती स्टेनलेस स्टीलची आहेत का, हे आधी विचारा. जस्ताचा मुलामा दिलेली ओलीत राहून गंजतात, मग मोटर कितीही दांडगी असो, उपयोग शून्य.

मोटर दोन प्रकारची. इंडक्शनवाली जड, तिच्या फेऱ्या मिनिटाला साधारण १४०० ते १७०० (वीज ५० हर्ट्झची की ६० ची, त्यावर). परमनंट मॅग्नेटवाली हलकी, २५०० च्या पुढे फिरते, क्षणात वेग घेते म्हणून कमी अडकते. आवाज खोक्याच्या इन्सुलेशनवर आणि सिंकवर बराच अवलंबून असतो. पातळ पत्र्याचं सिंक ढोलासारखं घुमतं, त्याला ग्राइंडर काय करणार?

नेहमीच्या घरगुती वापराला अर्धा ते पाऊण एचपी पुष्कळ. हाडंबिडं टाकणार असाल तरच पुढे जा. आणि ‘नवं तंत्रज्ञान’ म्हणून जादा पैसे मागितले तर हसून सोडून द्या. ही कल्पना १९२७ ची आहे, विस्कॉन्सिनमधल्या रॅसिनच्या जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टची.

हिरवळ
तुम्ही दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केलीत. पहिला प्रश्न असा, की हवाच कशाला? ओल्या कचऱ्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. सुका पाला घालून बादलीत ठेवला तर तो आपोआप बसतो, खत होतं ते वेगळंच. तुम्ही तोच कचरा स्वच्छ पाण्यात कालवून गटारात सोडणार. नळ मिनिटाला सात-आठ लिटर सोडत असेल तर दिवसात दोन-तीनदा ग्राइंडर चालवला की बादलीभर पाणी गेलंच. न्यूयॉर्कने १९७० च्या दशकात बंदी घातली होती, ती काय हौस म्हणून?

खटपट्या
ती बंदी १९९७ साली उठवली, तेही सांगा की! शिवाय ती पावसाचं आणि घरचं पाणी एकाच गटारात जाणाऱ्या भागांपुरती होती. तुमचं खत मला मान्य आहे, पण किती घरांत होतं? बाकीच्यांचा कचरा डंपिंगवर जाऊन हवेवाचून कुजतो आणि मिथेन सोडतो. सांडपाणी केंद्रात गाळापासून बायोगॅस करत असतील तर तोच मिथेन कामी येतो. विजेचं म्हणाल तर अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट. रोज दोन मिनिटं चालवलं तर महिन्याला अर्धं युनिटही होत नाही.

हिरवळ
‘करत असतील तर’! सगळा डोलारा या ‘तर’वर उभा आहे. आपलं सांडपाणी कुठे जातं हे ग्राइंडर घेणाऱ्यांपैकी किती जण विचारतात? सेप्टिक टँक असलेल्यांनी तर हा नाद करूच नये. गाळ लवकर साचतो, टाकी वरचेवर उपसावी लागते.

नळजोड
प्लंबिंगचं काम करतो म्हणून बोलतो. तुम्ही दोघं शहराच्या गटारावर भांडताय, पण तुंबतं ते ओट्याखाली. न्यूयॉर्कने परवानगी दिली म्हणून तुमच्या घरचा जुना, उतार नसलेला पाइप साफ होत नाही.

माझ्याकडे तक्रार येते ती बहुतेक वेळा ‘ग्राइंडर बिघडला’ अशी. जाऊन बघतो तर ग्राइंडर ठणठणीत, पुढच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या पाइपाच्या वळणात, लगदा. बटाट्याच्या सालांचा ढीग एकदम लोटला की चिकट खळ होते. शिजवलेला भात, पास्ता पाण्याने फुगतो. मक्याची पानं, सेलरी यांचे दोरे तबकडीला गुंडाळतात. कॉफीचा चोथा जाताना गुपचूप जातो, पण वळणावर थर धरतो. तेल-तूप तर अजिबात नको. लोक गरम पाणी सोडतात, त्याने चरबी पातळ होऊन पुढे जाते आणि थंड पाइपात गोठते, जिथे हात पोचत नाही तिथे. दळताना गारच पाणी, आणि दळण संपल्याचा आवाज आला तरी नळ आणखी अर्धा मिनिट चालू.

मोटर नुसती गुणगुणत असेल, फिरत नसेल, तर आधी वीज बंद करा. बऱ्याच मॉडेलना खाली मधोमध एक भोक असतं. त्यात एल-की घालून पुढे-मागे हलवा, अडकलेलं सुटतं. मग बुडाचं लाल बटण दाबा. हात आत घालायचा नाही, चिमटा वापरायचा. मोटर न फिरण्याचे बरेचसे ‘बिघाड’ इथेच संपतात, पण मला बोलावलंत तर येईन, नाही म्हणणार नाही.

तिरपागडा
म्हणजे सालं नको, भात नको, तेल नको, दोरे नकोत. मग त्यात टाकायचं काय, पाणी?

नळजोड
ताटातलं उरलंसुरलं, फळांचे मऊ तुकडे, मूठ-मूठभर सालं. मोठा ढीग बादलीत. ग्राइंडर कचरापेटीच्या जागी नसतो, जोडीला असतो.

हिरवळ
बघा, बादली आलीच शेवटी.

दोन पोरांची आई
एचपी, मिथेन सगळं राहू द्या, लहान मुलांचं कोणी बोललंच नाही. माझा धाकटा खुर्ची ओढून ओट्यावर चढतो आणि दिसेल ते बटण दाबतो. आम्ही बॅच फीड घेतला. झाकण बसवून फिरवल्याशिवाय तो चालूच होत नाही. चमचाही आत पडत नाही.

खटपट्या
पण भांडी घासता घासता टाकत राहायची सोय जाते ना? दर वेळी भरा, झाकण लावा, थांबा. मॉडेलही मोजकीच मिळतात. कंटिन्युअस फीड, म्हणजे चालू असतानाच टाकत राहता येतं तो, घेऊन स्विच उंचावर बसवता येतो.

दोन पोरांची आई
उंचावरचा स्विच खुर्चीवर चढणाऱ्याला कसा अडवणार, ते सांगा. माझ्या घरात तरी सोय दुसऱ्या नंबरवर.

खटपट्या
तुमच्या घरापुरतं मान्य. ज्यांच्या घरी चढणारं कोणी नाही, त्यांनी कंटिन्युअसच घ्यावा.

निवांत
मुद्द्याचं विचारतो. परदेशातून येताना एक आणायचा विचार आहे, चालेल का? आणि सिंक खोल आहे, भिंतीतला पाइप बराच वर आहे.

नळजोड
लेबल वाचा. ११० व्होल्टचा २३० वर लावलात तर मोटर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतील, हर्ट्झ बदलणार नाहीत, आणि इंडक्शन मोटरचा वेग त्यावरच ठरतो. पण तुमची खरी अडचण पाइपची. ग्राइंडरचं पाणी बाहेर पडायचं तोंड भिंतीतल्या पाइपपेक्षा वर हवं. खाली राहिलं तर पाणी आतच साचून कुजतं. सिंकच्या तळापासून पाइपच्या मध्यापर्यंत टेपने मोजा, मॉडेलच्या कागदावर सिंकच्या तळापासून त्या तोंडापर्यंतचं अंतर दिलेलं असतं त्याच्याशी ताडा. बसत नसेल तर भिंत फोडून पाइप खाली घ्यावा लागेल. सिंकचं भोकही बघा, बहुतेक मॉडेलना साडेतीन इंची लागतं.

निवांत
भिंत फोडायची नाही. मग?

हिरवळ
बादली.