फास्ट मूव्हचा डॅमेज की एनर्जी?

काही जण म्हणतात की पोकेमॉन गो या मोबाइल गेमच्या लढतींत फास्ट मूव्ह (पुन्हा पुन्हा मारायचे साधे फटके) जड झाल्यात, सगळ्यांचा डॅमेज, म्हणजे एका फटक्याचा मार, एकेकाने कमी करा. मला हे पटत नाही. 'एक' सगळीकडे सारखा नसतोच. अर्ध्या सेकंदाच्या मूव्हचा डॅमेज ४ वरून ३ केला तर पाव मार गेला. २० वरून १९ केला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

शिवाय खरा त्रास अनेकदा एनर्जीचा असतो; फास्ट मूव्हने ती साठते आणि मोठा फटका, म्हणजे चार्ज्ड मूव्ह, मारायला ती खर्च होते. लॉक-ऑन ही फास्ट मूव्ह बघा: मार जेमतेम, पण अर्ध्या सेकंदाला ५ एनर्जी. ३५ एनर्जीची चार्ज्ड मूव्ह ७ फटक्यांत, म्हणजे साडेतीन सेकंदांत तयार! चार्ज्ड मूव्ह अडवायला मिळालेल्या दोन्ही शील्ड कधी गेल्या कळतही नाही.

आता रेझर लीफ या फास्ट मूव्हची गंमत वेगळी. एनर्जी फुटकळ, मार मात्र सणसणीत, आणि फास्ट मूव्हवर शील्ड चालतच नाही. समोरच्याने दोन्ही शील्ड जपून ठेवल्या तरी काय उपयोग? पण प्रतिकार असलेला पोकेमॉन आला की तीच मूव्ह लुळी पडते. तिला हात लावू नये.

इन्सिनरेटसारख्या अडीच सेकंदांच्या मूव्हचं मात्र वेगळं. मध्येच बदलता येत नाही, त्यामुळे फटके मोजणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला तुमचा पुढचा फटका आधीच माहीत असतो. तिला थोडा जास्त मार देणं रास्तच आहे.