नातीचा प्रश्न : राजाला आठ प्रधान कशाला लागतात?

गंगापूररोडची आजी
नात चौथीत आहे. इतिहासात अष्टप्रधान मंडळ आलं आणि गाडी तिथेच अडली. "राजा म्हणेल तसंच होतं ना? मग आठ जण कशाला? आणि राजाचा हुकूम चुकला तर?" नुसती आठ नावं पाठ करून तिचं समाधान होत नाही. नाशकात काही दाखवून सांगता येईल का?

पाथर्डीफाटा
पांडवलेण्यांवर न्या. तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे दोन हुकूम लागोपाठ कोरलेत.

पहिला राज्यवर्ष 18 चा, गोवर्धनचा (नाशिकजवळचं तेव्हाचं ठाणं) अमात्य, म्हणजे राजाचा अधिकारी, विष्णुपालित याच्या नावे. आधी उषवदाताकडे (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) असलेलं 200 निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलं. शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, अशा सवलती. हुकूम तोंडी दिला, लिहिला अमात्य शिवगुप्ताने. पुढे तारखेसाठी पक्ष (पंधरवडा) आणि दिवस. आजच्या जीआरसारखंच सगळं.

दुसरा वर्ष 24 चा, तो खरा तिच्यासाठी. त्यात राजा आणि राजमाता अमात्य सामकाला कळवतात की दिलेलं शेत कसलं जात नाही, ते गावच वसलेलं नाही. म्हणून शहराच्या हद्दीवरच्या राजाच्या जमिनीतून 100 निवर्तनं द्या. हुकूम कागदावर चोख होता, जमिनीवर चालला नाही. जागेवरची खबर वर पोचवायला माणसं लागतात, ती अशी.

अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत. मराठी अर्थाची छापील प्रत नेली नाहीत तर मुलं दोन मिनिटांत माकडं बघायला पळतात. टॉर्च समोरून मारला तर अक्षरं सपाट दिसतात, बाजूने तिरका धरा. खडू-पाणी अजिबात लावू नका.

जुनी मोडी
तिथवर चढलात तर दहा नंबरही बघा. तिथे याच उषवदाताचं दान कोरलंय. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे (संघटनेकडे) 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवले, व्याज दरमहा शेकडा 1. गणित तिलाच करू द्या : महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12. बरोब्बर बसतं! आणि एवढ्या मोठ्या घरचा जावई असूनही दान निगमसभेत (नगराच्या सभेत) ऐकवून नोंदवावं लागलं.

अष्टप्रधानातला अमात्यही याच शब्दाचा. त्याच्याकडे जमाखर्च. न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर बाकीच्या सहांना लढाईवरही जावं लागे, हे पाठ्यपुस्तकाच्या तक्त्यात कळत नाही.

नाशिकरोड
एक भर. "15 ऑगस्ट 1947 ला राजा गेला" असं मुलांना सरसकट सांगतात, ते चूक. 26 जानेवारी 1950 पर्यंत सहावा जॉर्ज भारताचाही राजा होता. घरात जुनी नाणी असतील तर शोधा : 1947 च्या नाण्यावर त्याचा चेहरा, 1950 च्या नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह. दोन्ही शेजारी ठेवा.

गंगापूररोडची आजी
नाणी सापडली. लगेच पुढचा प्रश्न : मधल्या अडीच वर्षांत हुकूम कोणाचा चालायचा?

नाशिकरोड
मंत्रिमंडळाचा. राजाच्या नावाने गव्हर्नर जनरल सही करायचे, आधी माउंटबॅटन, जून 1948 पासून राजगोपालाचारी. पण सही मंत्र्यांच्या सल्ल्यानेच. तिला सांगा, राजा होता, पण लेखणी प्रधानांकडे होती.