मदत हवी आहे: मुलीसाठी नाव सुचवा, रविवारी बारसं आहे (इंदूर)

नवा_बाबा
नमस्कार मंडळी. घरी लक्ष्मी आली आहे. रविवारी बारसं आणि नावाचा अजून पत्ता नाही. गुरुजींनी जे अक्षर काढून दिलंय त्यावरून एक धड नाव सापडत नाही. नेटवरच्या याद्या चाळून झाल्या, सगळ्या एकमेकींच्या नकला, आणि अर्धी नावं कुणीतरी बसल्या बसल्या बनवलेली. नाव मराठी हवं, पण इथल्या हिंदी शेजाऱ्यांच्याही तोंडात बसलं पाहिजे. लांबलचक नको. पाळण्यामागे लावायची पाटी उद्या करायला द्यायची आहे, तेव्हा जरा लवकर सुचवा.

सराफा_रात्री
अभिनंदन भिया! पण अक्षर कोणतं?

रामबागेतली_काकू
अभिनंदन. ओवी ठेवा. माझ्या नातीचं तेच आहे.

पंचांगवाला
नक्षत्र, चरण, जन्मवेळ? यातलं काहीच न सांगता नाव कसं सुचवणार?

नवा_बाबा
हस्त, चौथा चरण. अक्षर ठ.

सराफा_रात्री
ठमाबाई. ठकूबाई. संपली यादी.

नवा_बाबा
हसू नका हो. आई म्हणते 'ठ'वरूनच हवं, बायको म्हणते माझ्या मुलीला शाळेत काय काय ऐकावं लागेल. मी मध्ये अडकलोय.

चोवीस_कॅरेट_नास्तिक
चंद्र कुठे होता यावरून मुलीला जन्मभर ठमा म्हणायचं? आवडेल ते नाव ठेवा आणि मोकळे व्हा. आमच्या दोन्ही मुलांच्या पत्रिकाच केल्या नाहीत, दोघंही टणटणीत आहेत.

पंचांगवाला
पत्रिका केलेल्यांची मुलंही टणटणीतच असतात, साहेब. ज्यांना पाहायचं नाही त्यांनी पाहू नये. धागाकर्त्यासाठी: हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो, म्हणून आधी जन्मवेळ नीट तपासा. दुसरं, गुरुजींनी कोणतं पंचांग वापरलं? दाते आणि टिळक पंचांगांच्या अयनांशांत (राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची त्या आकड्यात) जवळजवळ चार अंशांचा फरक आहे आणि एक चरण, म्हणजे नक्षत्राचा पाव भाग, तीन अंश वीस कलांचा. दात्यांच्या हिशेबाने हस्ताचा चौथा असेल तर टिळकांच्या हिशेबाने चंद्र पुढच्या नक्षत्रात, चित्रेत गेलेला असतो. तिथे पे किंवा पो येतं.

सराफा_रात्री
पो! इंदुरात जन्मलेली मुलगी, पोहे ठेवा. धाकटी झाली की जलेबी.

चोवीस_कॅरेट_नास्तिक
म्हणजे दोन पंचांगांत दोन अक्षरं, आणि दोन्ही खरी. माझं काम तुम्हीच केलंत, धन्यवाद.

पंचांगवाला
गणिताचे पक्ष वेगळे असतात, त्याला खोटं म्हणत नाहीत. असो. मुख्य मुद्दा: नावरस नाव हे पत्रिकेतलं नाव. व्यवहारातलं नाव तेच असावं असं कुठे आहे? पत्रिकेत 'ठ'चं काहीही लिहा आणि हाक वेगळ्या नावाने मारा. आमच्या घरात सगळ्यांची दोन नावं आहेत. चरण सोडून नुसती रासच धरायची तर हस्ताची रास कन्या, तिची अक्षरं प, ठ, ण. प घ्या. आईंनाही पटेल.

महेश्वरी_काठ
इंदूरची मुलगी म्हणजे अहिल्या! १७६७ ते १७९५ अठ्ठावीस वर्षं राज्य केलं त्या माउलीने. याहून मोठं नाव कोणतं?

सराफा_रात्री
नाव मोठंच आहे, पण इथे विमानतळ तेच, विद्यापीठही तेच. पोरगी फॉर्म भरायला गेली की कारकून म्हणेल, आधी स्वतःचं नाव लिहा.

महेश्वरी_काठ
मग रेवा. नर्मदेचं नाव, दोनच अक्षरं, हिंदीतही चालतं.

कारकुनाची_लेक
इंग्रजीत लिहिलं की रीवा शहर होतं ते. स्पेलिंगकडे लक्ष द्या हो, इथे राहणाऱ्या मराठी माणसाचं अर्धं आयुष्य त्यात जातं. ज्ञ असलेलं नाव घ्याल तर आपण डी-एन-वाय लिहिणार आणि समोरचा जी-वाय. ऋचाचं इथे रिचा होतं. माझ्या भाचीचं नाव मृण्मयी. जन्मदाखल्यावर 'मृणमई', आधारवर 'मृन्मयी', शाळेच्या हजेरीत 'मिरणमई'. दहावीच्या फॉर्मच्या वेळी शपथपत्र करत बसलो.

महेश्वरी_काठ
रेवाच हवं. नर्मदेकाठच्या जलूदहून नळाचं पाणी होऊन ७० किलोमीटर वर चढून येते ती आपल्यासाठी.

सराफा_रात्री
आमच्या गल्लीत दिवसाआड चढते. तुमच्याकडे रोज येतं का पाणी? कोणता भाग?

चोवीस_कॅरेट_नास्तिक
पाण्याचा वेगळा धागा काढा.

कारकुनाची_लेक
धागाकर्ते, दाखल्याची घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, पण ती नावाशिवायही होते. रुग्णालयातला जन्म असेल तर माहिती तेच कळवतात. नाव नोंदीनंतर बारा महिन्यांत विलंबशुल्काशिवाय घालता येतं. पण एकदा घातलं की बदलायला फार त्रास. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून लायसन्सपर्यंत हाच दाखला लागणार आहे, त्यामुळे हिंदी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं घरून कागदावर लिहून न्या. खिडकीवरच्या माणसाला 'ऐकून लिहा' म्हणू नका.

नवा_बाबा
दाखल्याचं मी विचारलंच नव्हतं, पण बरं झालं सांगितलंत. अजून नाव सुचवा ना!

कारकुनाची_लेक
आडनाव काय? आडनावासोबत म्हणून पाहायला हवं. आणि मोठं भावंड आहे का?

नवा_बाबा
आडनाव ठोंबरे. मोठा मुलगा पार्थ.

सराफा_रात्री
ठोंबरे!! अहो मग 'ठ' आडनावातच आला की. अक्षर फिटलं, आईंना सांगा.

पंचांगवाला
हे शास्त्रात बसत नाही. (पण आई ऐकत असतील तर सांगून बघा.)

कारकुनाची_लेक
पार्थ आहे हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतं. 'प'च घ्या मग. पूर्वा, पर्णा, प्राची, पावनी. पूर्वा आणि प्राची हिंदीत जशीच्या तशी म्हणतात. पर्णाचं पर्ना होईल, 'ण' इथे कुणाच्या जिभेवर टिकत नाही.

धाकटी_आत्या
मुलीच्या आत्याला कुणी विचारलं का? नाव ठेवणं तिचा मान आहे. कानात कुर्रर्र करताना पाठीत धपाटे तिने खायचे आणि नाव ठरवणार इथली अनोळखी माणसं! माझ्या भावाने असंच केलं होतं. मी ऐनवेळी कानात माझं नाव सांगून टाकलं. आज घरात तेच चालतं.

नवा_बाबा
विचारलं तिला. तिला पर्णिका हवंय. बायकोला पूर्वा. आईला पंचांगाच्या फरकाचं सांगितलं, तर त्या गुरुजींनाच फोन लावून बसल्या आहेत. त्या 'प'ला हो म्हणाल्या तर पूर्वा पाटीवर आणि पर्णिका आत्याने कानात सांगायचं, असं ठरतंय. कळवतो.

रामबागेतली_काकू
घुगऱ्यांचे हरभरे शनिवारी रात्रीच भिजत घाला. आणि सोडा मुळीच घालू नका, सालं सुटतात.

महेश्वरी_काठ
पाळणा भाड्याने आणलात की घरचा? भाचीचं बारसं आहे पुढच्या महिन्यात, लाकडी मिळतो का राजवाड्याकडे कुठे?