मदत हवी आहे: फराळाच्या लेबलसाठी हाताने लिहिल्यासारखा मराठी फॉन्ट (अर्जंट!)

खटपट्या: वहिनी दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते, तिला डब्यांवर घरगुती वाटेल असं वळणदार अक्षर हवंय. कालपासून चार फॉन्ट टाकून बघितले, सगळे फुटतात. 'चिवडा'ची वेलांटी भलतीकडेच जाऊन बसते आणि 'खाऱ्या शंकरपाळ्या' तर वाचवत नाही. चांगला फॉन्ट सांगा, उद्या सकाळी प्रिंटला द्यायचंय.

चौकस: कशात करतोयस? लेबल केवढं? कुठले चार फॉन्ट?

बोरूबहाद्दर: फॉन्ट कशाला पाहिजे? घरात कोणाचं तरी अक्षर चांगलं असेलच की, काळ्या पेनाने लिहा आणि स्कॅन करा. माझ्या बहिणीच्या रुखवताच्या सगळ्या पाट्या आईने बोरूने लिहिल्या होत्या, लोक लाडू सोडून पाट्यांचे फोटो काढत होते.

मिनी: कॉमिक सान्स टाक, एकदम क्यूट दिसतं.

चौकस: @मिनी त्यात देवनागरीच नाहीये. तुला दिसतो तो विंडोजने परस्पर लावलेला निर्मला किंवा मंगल फॉन्ट.

डीटीपीवाले काका: २५ वर्षं श्री-लिपी सॉफ्टवेअर वापरतोय, एक अक्षर फुटलं नाही.

रेघोटी: काका, ते जुन्या फॉन्टातलं व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करून बघा, नुसती इंग्रजी गिचमिड येते.

डीटीपीवाले काका: त्यात युनिकोड (कुठेही पेस्ट केलं तरी मराठीच राहणारं) पण आहे आता. माहिती घेऊन बोलावं.

नियमावली: एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ अंकी नंबर आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका टाकलात का?

खटपट्या: नंबर आहे हो!! फॉन्टचं बोला. फोटोशॉपमध्ये करतोय, सांगायचं राहिलं. लेबल २ इंची गोल, त्यात नाव, घटक, वजन, पत्ता सगळं त्याच फॉन्टात.

रेघोटी: मग फॉन्टचा दोष नाहीच. तुझं व्हर्जन थोडं जुनं असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये जा, वर्ल्ड-रेडी लेआउट निवड (त्याहून जुन्यात मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन), फोटोशॉप बंद करून परत उघड, आणि आधी टाइप केलेल्या मजकुराला पॅराग्राफच्या मेन्यूतून तेच परत लाव, नाहीतर तो फुटलेलाच राहतो. फॉन्ट म्हणशील तर गूगल फॉन्ट्सवरचा कलम घे, फुकट आहे, धंद्याला वापरला तरी चालतो. तिलाना पण बघ, जरा नखरेल आहे. पण हे फक्त पदार्थाच्या नावाला! घटक एवढ्याशा जागेत कलममध्ये लिहिलेस तर चष्मा लावूनही कोणी वाचणार नाही, तिथे सरळ मुक्ता टाक.

बोरूबहाद्दर: फॉन्टात प्रत्येक 'ळ' सारखाच येणार, हाताने लिहिलेलं कसं वाटेल ते?

खटपट्या: रेघोटी, थँक्यू, वेलांटी जागेवर आली! पण आता वहिनी म्हणते कलम शाळेच्या वहीसारखा दिसतो, गोल गुबगुबीत काहीतरी बघ. मोदक नावाचा फॉन्ट चालेल का?

रेघोटी: 'लाडू' एवढंच मोठं लिहायचं असेल तर झकास. 'खाऱ्या शंकरपाळ्या' २ इंचात नको, तो इतका जाड आहे की अक्षरांची पोटं बुजतात. बलू २ फॉन्ट लावून बघ, आणि एक प्रिंट घरच्या प्रिंटरवर काढ आधी.

खटपट्या: घरी प्रिंटर नाहीये.