पटकी, मोडशी, वाखा, मरी: सगळे शब्द कॉलऱ्याचेच का?

प्रश्न: एकोणिसाव्या शतकातला जुना मराठी मजकूर वाचताना ‘पटकी’, ‘वाखा’, ‘मोडशी’, ‘महामारी’ असे शब्द येतात. सगळीकडे ‘कॉलरा’ असाच अर्थ घ्यावा का?

– पटकी आणि वाखा म्हणजे कॉलराच. दोन्ही शब्द शिव्याशापांतही गेले: ‘मेल्या, तुला पटकी येवो!’ सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जायचा, तो धाक या शापात आहे. महामारी मात्र कुठल्याही मोठ्या साथीला म्हणत. तिथे उलटी-जुलाबाचा उल्लेख आहे का, ते पाहावं.

– मोडशीचं काय? आमच्याकडे अपचन होऊन पोट बिघडलं की ‘मोडशी झाली’ म्हणतात, आणि आल्यालिंबाचा रस देतात.

– मोडशीचा प्रवास मोठा आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात कॉलऱ्याचं वर्णन आहे. इथले लोक त्याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आपण पोर्तुगीजांनी त्याचं ‘मोर्देशी’ केलं, असं तो लिहितो. पुढे फ्रेंचांनी त्याचं ‘मोर द शियां’, म्हणजे ‘कुत्र्याचं मरण’, करून टाकलं! म्हणजे आज घरगुती वाटणारा हा शब्द तेव्हा जीवघेण्या दुखण्याचा होता. ‘कॉलरा’ या युरोपीय शब्दाचंही असंच झालं. आधी तो साध्या उलटी-जुलाबालाही लावत. १८१७ मध्ये बंगालात जेसोरला साथ उसळली, पुढल्याच वर्षी ती मुंबईत पोचली, आणि मग तो शब्द या भयंकर रोगाचाच झाला.

– मरीआई आणि जरीमरी या साथीच्या देवी राहिल्या. साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. याला अडाणीपणा म्हणून हसणं मला पटत नाही. लंडनचे शिकलेले डॉक्टरही तेव्हा दुर्गंधीयुक्त हवेलाच दोष देत होते. तिथल्याच डॉक्टर जॉन स्नोने १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं, तरी कॉलरा पाण्यातून पसरतो हे म्हणणं सर्वांना पटायला बरीच वर्षं गेली. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने कलकत्त्याला तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू शोधला तो १८८४ मध्ये. मुंबईत विहार तलावाचं पाणी त्याआधीच, १८६० मध्ये, नळाने आलं होतं.

– मग संपादन करताना पटकी आणि वाख्याला ‘कॉलरा’ अशी टीप द्यावी. मोडशीला देण्याआधी लक्षणं पाहावीत, रोगी किती वेळात गेला तेही पाहावं.