सिकलिंग चाचणी पॉझिटिव्ह, स्मिअर मात्र नॉर्मल. खरं काय?

प्रश्न: मुलीच्या एचपीएलसीमध्ये (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) नेहमीचं हिमोग्लोबिन ए ५८ टक्के, सिकल सेलचं हिमोग्लोबिन एस ३८ टक्के आलंय. डॉक्टर म्हणाले, ती सिकल सेलची वाहक आहे, आजार नाही. पण सिकलिंग चाचणी 'पॉझिटिव्ह' आणि स्मिअरमध्ये (काचेवर पसरून पाहिलेलं रक्त) 'पेशी नॉर्मल', तेही एकाच नळीतल्या रक्तात! मग तिच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात की नाही?

उत्तर (रक्ततपासणी विभागातून): दोन्ही रिपोर्ट बरोबर आहेत. सिकलिंगसाठी आम्ही रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतो, वर काच ठेवून कडा बंद करतो. ते ऑक्सिजन खेचून घेतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशींना हळूहळू टोकं फुटताना दिसतात. वाहकांच्या पेशीही तिथे वाकतात, कारण त्यांना परत ऑक्सिजन मिळतच नाही.

शरीरात तसं होत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं (हेच हिमोग्लोबिन एस) की ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात, आणि तेच पेशीला आतून ताणतात. पण तंतू धरायला वेळ लागतो. एसचं प्रमाण थोडं जरी कमी असलं तरी हा वेळ कितीतरी पटींनी वाढतो. तोवर मुलीची पेशी फुप्फुसात पोहोचून पुन्हा ऑक्सिजन घेते. अपवाद मूत्रपिंडाच्या आतल्या भागाचा: तिथे ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त. म्हणून लघवीत कधी रक्त दिसलं तर ती वाहक असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्नकर्ती: माझ्या भावाला मात्र आजार आहे. त्याच्या पेशी परत गोल होत नाहीत का?

उत्तर (तेच): बऱ्याचशा होतात. पण पुन्हापुन्हा वाकून पेशीचं आवरण खराब होतं, पोटॅशियम आणि पाणी बाहेर जातं, आणि काही पेशी कायमच्या वाकड्या राहतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, यांच्या जेमतेम १० ते २०. डोळे पिवळे दिसतात ते त्यामुळेच. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन एफ वाढतं, आणि ते तंतूत सामील होत नाही.

दुसरं उत्तर: हिमोग्लोबिन सीदेखील लक्षात ठेवा. जागा तीच सहावी, पण तिथे लायसिन. त्याचे तंतू होत नाहीत, पेशी मात्र पाणी गमावते. आईवडिलांपैकी एकाकडून एस आणि दुसऱ्याकडून सी आलं तर सीमुळे पेशी सुकते, आतलं एस दाट होतं आणि आजार होतो. मुलगी मोठी झाल्यावर जोडीदाराची नुसती सिकलिंग चाचणी पुरणार नाही, त्यात सी किंवा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) कळतच नाही. एचपीएलसीच करून घ्या.